सागवनातील छत्र्यांची पाहणी

मृगाने तोंडदेखली हजेरी लावली आणि आर्द्रांनी झड धरली, की सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या पठारावर धुक्याचा मुक्काम पडतो, आणि नोंदवही, भिंग, चाकू व टोपली घेऊन सेमाडोहच्या वाटेने सागवनात उतरण्याचा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता पुन्हा सुरू होतो.

हिमालयातील देवदारांच्या पुरातन अरण्यात अळिंबांची पाहणी करणाऱ्याची दृष्टी जिवंत वृक्षांच्या पायथ्याशी खिळते, कारण तेथील पुष्कळशा छत्र्या त्या वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचीच फळे असतात. मेळघाटात तो कायदा चालत नाही. सागाच्या मुळांत नांदणारी बुरशी छत्री उभारीतच नाही; म्हणून येथे पाहावयाचे ते पडलेले ओंडके, कुजके बुंधे आणि वारुळे. ज्यांना हे लाकूड अरण्याचा केरकचरा वाटते, त्यांनी एक जुना ओंडका उचलून नेला, तर माझ्या वहीतील कित्येक पाने त्याबरोबर जातात, असे मी मानतो.

एका आषाढात मी एका उतारावर सबंध सकाळ हिंडून 'काही आढळले नाही' अशी नोंद केली. आठ दिवसांनी त्याच उतारावर कोरकू वाटाड्याने माझा हात धरून मला थांबविले. वारुळाच्या कडेने, ज्यांना इकडे टेकोडे म्हणतात, त्यांचा थवाच उगवला होता. मधोमध टोकदार उंचवटा असलेल्या करड्या टोप्या, आणि खाली मुळासारखा निमुळता होत गेलेला देठ. तो न तुटेल अशा बेताने माती उकरीत गेलो, तेव्हा हातभर खोलीवर वाळवीने चावलेल्या काडीकचऱ्याचे तपकिरी, सच्छिद्र पोळे लागले, आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे. वाळवी आपल्या घरात ही बुरशी पिकविते व तिच्यावर जगते. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी या प्रजातीला १९४२ मध्ये टर्मिटोमायसीस हे नाव दिले.

त्या रात्री एक टोपी कागदावर पालथी घालून तिच्यावर पेला झाकला. शेजारी गवतात सापडलेली दुसरी एक पांढरी टोपीही तशीच ठेवली. सकाळी पहिलीखाली फिक्या गुलाबी रेषांचे चक्र उमटले होते, दुसरीखाली हिरवट. ती विषारी क्लोरोफायलम होती.

आठ दिवसांपूर्वीची ओळ मी खोडली नाही. तिच्यापुढे 'त्या दिवशी' एवढे शब्द घातले, आणि खाली नवी तारीख लिहिली.