लाँच बंद असते तेव्हाचे कलम

मराठी मुलखातील अनेक जातींत नवराबायकोने वेगळे होण्याला काडीमोड म्हटले जाई आणि तो पंचांसमोर होई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने २९व्या कलमात अशा रूढीला मुभाही ठेवली. परंतु गावकीने माणसे वाळीत टाकल्याची प्रकरणे रायगड जिल्ह्यात इतकी गाजलेली आहेत, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला २०१६ चा कायदा करावा लागला आहे, की घरातली फूट गावकीपुढे मांडणे प्रस्तुत लेखिकेला अशक्य वाटले. दुसरी वाट कोर्टाची होती. तिथे पहिल्या वकिलांनी नोटिशीत न घडलेल्या छळाचा मजकूर घालण्याचा सल्ला दिल्यावर तीही नकोशी झाली.

तिसरी वाट सहयोगी पद्धतीची. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्टुअर्ट वेब या वकिलाने १९९० च्या सुमारास ती रूढ केली. तीत दोन्ही पक्ष आपापला वकील घेऊन एका टेबलाशी बसतात, आणि बोलणी फिसकटली तर पुढचा खटला आपण लढवणार नाही असे दोन्ही वकील आधीच लिहून देतात. त्यामुळे भांडण वाढण्यात वकिलाचा फायदा उरत नाही, आणि पद्धतीचे सारे मर्म याच अटीत आहे. मध्यस्थीत त्रयस्थ माणूस मधे असतो, इथे तो नसतो. भारतात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा नाही, पण १९७६ साली विवाह कायद्यात आलेले परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे १३-ब हे कलम तिला पुरेसा आधार देते. जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे मात्र चौघांचे टेबल ही फसवणूकच ठरेल.

अलिबागेत झालेल्या चार बैठकींपैकी पहिल्या दोनांत दागिने, फ्लॅट आणि पोटगी मिटली. श्रीवर्धनकडच्या वाडीचा सातबारा आणि रोठा सुपारीच्या विक्रीच्या पावत्या पतीने स्वतःहून टेबलावर ठेवल्या, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. उरलेल्या दोन बैठकी नऊ वर्षांच्या मुलाच्या शनिवार-रविवारांत गेल्या. वडील नोकरीनिमित्त मुंबईत आणि आई अलिबागेत, म्हणून एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला वडिलांनी मुलाला मांडवा जेट्टीवरून न्यावे, असा मसुदा झाला होता. तेव्हा पतीच्या वकिलांनी, जे याच तालुक्यातले होते, पेन खाली ठेवून विचारले, "आणि जूनमध्ये काय करणार?" गेटवेची लाँच पावसाळ्यात बंद असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असूनही कागदावर कोणी आणले नव्हते. मग कलम वाढले: पावसाळ्यात भाऊच्या धक्क्याची रो-रो धरावी, वाऱ्यापावसाने तीही बंद राहिली तर वडिलांनी रस्त्याने वडखळ नाक्यावर यावे, बुडालेला वेळ एका वहीत लिहावा आणि दिवाळीच्या सुट्टीत भरून द्यावा. गौरी-गणपती वडिलांच्या गावी, शिमगा आईकडे, हेही त्याच दुपारी ठरले. कोणत्याही निकालपत्रात लाँचचा उल्लेख आला असता असे वाटत नाही, आणि तो आला नसता तर पहिल्याच जूनमध्ये अवमानाचा अर्ज झाला असता.

वर्षभर वेगळे राहून झालेले होते, म्हणून संयुक्त अर्ज मे महिन्यात दाखल झाला. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आहे. पण तशी मागणी दोघांनीही केली नाही. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, त्यामुळे तो पावसाळा कराराच्या कसोटीचाच होता. जुलैतल्या एका शनिवारी रो-रो रद्द झाली. वडखळ नाक्यावर एका टपरीच्या पत्र्याखाली माय-लेक उभी असताना सव्वाअकराला गाडी आली. मुलगा ओल्या दप्तरासह आत बसला, आणि त्या सव्वा तासाची नोंद वहीत दोघांपैकी कोणीच केली नाही.