आठ्या

बेळगावला आम्ही गोवेकर कशाकशासाठी जात नाही! लग्नाचा बस्ता, कुंदा, दवाखाने... आता त्यात कपाळावरच्या आठ्या घालवणंही आलं. माझी मामेबहीण निपाणीची. लेकीच्या लग्नाआधी तिने बेळगावातल्या एका दवाखान्यात ती इंजेक्शनं घेतली, सोबतीला मी.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं तिला सांगितलं होतं. सुई खरोखरच बारीक. पण दोन भुवयांमध्ये पाच ठिकाणी ती टोचली, तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुईपेक्षा आत जाणारं औषधच चुरचुरतं, असं ती म्हणाली आणि त्यात तथ्य आहे. ही पावडर सलाईनमध्ये विरघळवून देतात. त्या सलाईनमध्ये बेंझिल अल्कोहोल असेल तर चुरचुर कमी होते. आधी बर्फ लावला तरी फरक पडतो. पण हे विचारायचं असतं, हे आपल्याला कोण सांगणार?

बोटॉक्स म्हणजे मुळात एका जंतूचं विष. खराब सॉसेजमधून होणाऱ्या त्याच्या बाधेचा अभ्यास १८२०च्या सुमारास जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने केला (हा गृहस्थ कवीही होता!). पुढे अमेरिकेत डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं आणि २००२ साली तिथे आठ्यांसाठी परवानगी मिळाली. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. निरोपच नाही तर आठी कशी पडणार?

पण औषध थोडं खाली उतरलं की पापणीही लोंबते. हिची डावी पापणी पाचव्या दिवशी उतरली. काही आठवड्यांत सावरेल म्हणाले, पण लग्न आठवड्यावर! पाठवणीला ती हमसून रडली. गाल भिजले, कपाळ मात्र इस्त्री केल्यासारखं.

मामीच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवं गोंदण आहे. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेली बाई. लहानपणी जत्रेत गोंदणारणीने दोन-तीन सुया एकत्र बांधून, काजळी घालून टोचलं. चेहरा सुजला, ताप आला. दुखलं का, असं मी एकदा विचारलं होतं. "दुखलं की रं. पर मेल्यावर संगट तेवढंच येतंय."

लग्नानंतर लेकीच्या पापणीकडे बघत तिने मला बाजूला घेतलं.

"आनि ह्ये ऱ्हातंय किती दिस?"

"तीन-चार महिने, मामी."

"मंग परत टोचायचं?"


मी मान हलवली. मामीच्या कपाळाला आठ्या पडल्या, गोंदणासकट.