निळे औषध आणि चुकलेला पत्ता

मिथिलीन ब्लू मलेरियाच्या परजीवीला मारते, याबद्दल मला शंका नाही. ते कसे मारते याचे जे उत्तर रेडॉक्स जीवरसायनात काम करणारे आम्ही ठामपणे देत आलो, ते मात्र २०१० साली कोसळले. ज्या गांभीर्याने त्याची दखल घ्यायला हवी होती त्या गांभीर्याने ती आम्ही घेतली नाही, हे मला अजून टोचते.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८९१ साली बर्लिनमध्ये पॉल एर्लिख आणि पॉल गुटमान यांनी हा रंग दोन रुग्णांना दिला. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी तो शोषून घेतात, तेव्हा शरीरातही तो त्यांना बाधेल, असा तर्क होता. पुढे क्लोरोक्विन आले आणि रंग मागे पडला. नव्वदच्या दशकात हायडेलबर्गच्या हायनर शिर्मर आणि काट्या बेकर यांच्या कामाने त्याला पुन्हा वजन आले. परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटलेले हीम पेशीत ऑक्सिडीकरणाचा मारा करते, आणि तो झेलायला ग्लुटाथायोन हे संरक्षक संयुग सतत ताजे करत राहावे लागते. हे काम ग्लुटाथायोन रिडक्टेज हे विकर करते, आणि मिथिलीन ब्लू त्याला अडवते, असे १९९८ साली दिसले. विकर बंद, संरक्षण संपले, परजीवी मेला. इतके सुबक उत्तर विद्यार्थ्यांना शिकवायला कोणाला आवडणार नाही?

पण २०१० साली उंदरांतल्या प्लास्मोडियम बर्घेई या परजीवीतून या विकराचे जनुकच काढून टाकले गेले. परजीवी उंदराच्या रक्तात पूर्वीसारखाच वाढला. अडला तो डासाच्या शरीरातल्या अवस्थेत. आणि विकर नसलेल्या या परजीवीलाही मिथिलीन ब्लूने तितक्याच सहजतेने मारले. परजीवीत जे विकर नव्हतेच, ते अडवून औषध त्याला मारत होते असे म्हणता येत नाही. यावर दोन आक्षेप येतात. उंदराचा परजीवी म्हणजे माणसाला मलेरिया देणारा प्लास्मोडियम फाल्सिपेरम नव्हे, हा पहिला. तो रास्त आहे, पण तो आपल्या बाजूने वापरायचा तर वेगळेपणाचा पुरावाही आपणच द्यायला हवा. दुसरा आक्षेप असा की परजीवीकडे थायोरेडॉक्सिनची पर्यायी यंत्रणा आहे, तिने उणीव भरून काढली असेल. विकराविना परजीवी का जगला, हे त्यातून कळते. मारायला लागणारी औषधाची मात्रा जराही का बदलली नाही, हे कळत नाही. लक्ष्य तेच असते तर लक्ष्य नाहीसे झाल्यावर औषधाचा जोर कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही.

मग रेडॉक्सचा सगळा विचारच चुकला काय? मी वर 'कोसळले' म्हटले, ते थोडे जास्त झाले. कोसळला तो फक्त औषधाच्या लक्ष्याचा पत्ता. हा रंग विकरांकडून इलेक्ट्रॉन घेतो, ऑक्सिजनला देतो, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि रंग पुन्हा इलेक्ट्रॉन घ्यायला मोकळा होतो. एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूची पुंजी अशी वाया जाते, आणि या चक्राला एकच विकर लागते असे नाही. ही बाजू शिर्मर आणि बेकर यांच्याच वर्तुळातून पुढे आली होती. आम्हीच सोपे उत्तर धरून बसलो.

एनएडीपीएचच्या याच हानीत औषधाचा खरा धोका आहे. तांबड्या पेशीला एनएडीपीएच पुरवणारे जी-सिक्स-पीडी विकर ज्यांच्यात कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू शकतात. मलेरियाच्या प्रदेशांत ही उणीव बरीच आढळते, कारण ती मलेरियापासून थोडे संरक्षण देते. मुंबईच्या पारशी समाजातही ती आढळते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मालीतल्या चाचणीत पेशी फुटण्याच्या या धोक्यामुळेच हे विकर पुरेसे असलेले पुरुष आणि मुलगे घेतले गेले. नेहमीच्या औषधांसोबत मिथिलीन ब्लू दिल्यावर त्यांच्याकडून डासांना होणारा संसर्ग आठवड्याच्या आत जवळजवळ थांबला. स्वस्त रंगाचे हे काम थोडे नाही.

जीवरसायन शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच: फळ्यावर मिथिलीन ब्लूपासून ग्लुटाथायोन रिडक्टेजकडे बाण काढाल, तेव्हा २०१० चा तो प्रयोगही त्याच तासाला सांगा.