एका कान्याची किंमत

बीड जिल्ह्यांत उन्हाळ्याची धूळ कोठें शिरेल, याचा नेम नाहीं. धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीच्या मराठी अर्जाची मुदत त्याच सायंकाळीं संपत होती. आणि संगणकावर ‘माता’ लिहितां ‘मत’ उमटूं लागलें! कान्याची कळ मुकी झाली होती.

१९९१ सालीं भारतीय मानक ठरलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणींत काना व इंग्रजींतील ‘ई’ यांची कळ एकच. ‘ई’ही उमटेना, अर्थात् दोष भाषेच्या योजनेंत नव्हता. पडद्यावरील कळफलकानें मात्र काना उमटला. म्हणजे संगणकही निर्दोष! मग यंत्र बंद करून कळफलक उपडा धरला, हलकेच झटकला, मऊ कुंचल्यानें धूळ काढली. काना परतला, अर्ज वेळेवर गेला.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, बिघडलेली वस्तु एकदम टाकूं नये. एकेक शंका फेडीत मूळ कारण शोधावें.