रुग्णशय्येभोवतीची बैठक

गंभीर आजाराचे निदान झाले की मित्रांचा आवाज बदलतो. वाद घालणारे मवाळ होतात, थट्टा थांबते, आणि वर्षानुवर्षांचा नेम ‘त्याला त्रास नको’ या भल्या हेतूने मोडला जातो. जपानी कवी मासाओका शिकी (१८६७–१९०२) याच्या घरी असे घडले नाही. त्याचे कारण त्या घरातील काव्यबैठकीच्या रीतीत सापडते.

शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुजलेल्या हायकूला आधुनिक वळण देणारा आणि त्याचे आजचे नावही रूढ करणारा तो हा शिकी. १८८९ मध्ये त्याला रक्ताची उलटी झाली. रक्त ओकेपर्यंत गातो अशी समजूत असलेल्या, कोकिळेच्या कुळातील एका पक्ष्याचे नाव त्याने तेव्हा टोपणनाव म्हणून घेतले. १८९६ मध्ये क्षय मणक्यापर्यंत गेल्याचे निदान झाले. तोक्योतील नेगिशी येथे आई आणि बहीण रित्सू त्याची शुश्रूषा करीत. चालणे हळूहळू बंद झाले. मित्रांची बैठक मात्र त्याच घरात भरत राहिली.

या बैठकीला ‘कुकाई’ म्हणतात. प्रत्येकाने आपल्या रचना निनावी चिठ्ठ्यांवर लिहायच्या, त्या एकत्र मिसळायच्या, मग दुसऱ्याने त्यांची नक्कल करायची. अशा रीतीने नावाबरोबर हस्ताक्षरही पुसले जाते. नंतर ज्याने त्याने आपल्या पसंतीची निवड सांगायची. कवीने आपले नाव सांगायचे ते त्यानंतर. या क्रमात दयेला जागाच उरत नाही. अंथरुणावरून आलेली रचना कोणती हे ठाऊक नसल्यामुळे ती मानाने निवडली जाई किंवा तितक्याच सहजपणे बाजूला पडे. शिकीला मित्रांकडून हवी होती ती हीच वागणूक असावी. सांत्वन कोणीही करू शकतो. बरोबरीने पारखणे मित्रालाच जमते.

१८९७ पासून डिसेंबरात बुसोन या जुन्या कवीचा स्मृतिदिनही तेथे साजरा होऊ लागला. उकडलेल्या सलगमांचा बेत असे, काव्य होई, अंगणात छायाचित्र काढले जाई.

वेदना वाढल्या तशा बैठका विरळ होऊन थांबल्या. नेम मात्र सुटला नाही, त्याचे रूप पालटले. १९०२ मध्ये त्याच मित्रांनी उशाशी बसण्याच्या पाळ्या लावून घेतल्या. १८ सप्टेंबरला रित्सूने फळी धरली, हेकिगोतो या कविमित्राने कुंचला हाती दिला, आणि शिकीने तीन हायकू लिहिले. तो दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वीच गेला. त्या अखेरच्या ओळींची नक्कल करून अक्षर लपविण्याची गरज कोणाला वाटली नसेल. तोवर बैठकीने आपले काम पुरे केले होते: निदानानंतरची सहा वर्षे तिने एका रुग्णाला कवींमधला एक कवी म्हणून वागविले होते.