कुर्ल्या आणि खिडकीवरचं नाव

स्कारबरो, टोरोंटो
८ फेब्रुवारी

ती. आत्यास,


परवा फोनवर तू म्हणालीस, दादा खानावळीचा बोर्ड बदलायचं म्हणतोय. समुद्राच्या बाजूची भिंत पाडून काच बसवायची, काहीतरी इंग्रजी नाव द्यायचं, कार्डावर पास्ता आणि मंचुरियन घालायचं. तू विचारलंस, 'तुका काय वाटता?' आणि मी नुसतं 'बघू' म्हणून फोन ठेवला. आम्ही आदल्याच रात्री टोबॅगोहून परतलो होतो, बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा देश, व्हेनेझुएलाच्या अगदी शेजारी. त्रिनिदाद मोठं, टोबॅगो लहान, मधलं अंतर विमानाने वीस-पंचवीस मिनिटांचं. टोबॅगोच्या मुख्य गावाचं नाव स्कारबरो, आणि टोरोंटोत आम्ही राहतो त्या भागाचंही तेच. आमच्या या स्कारबरोत त्रिनिदादची माणसं पुष्कळ. त्यांच्या हातचे डबल्स, म्हणजे दोन मऊ पुऱ्यांमध्ये घातलेले छोले, खात खातच इथले हिवाळे काढले. या वर्षी म्हटलं, ते जिथून आले तिथे जाऊन येऊ. काकांना सांग, पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल बाहेरून पाहिलं. १९७१ च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या भारतीय संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते तिथेच. सरदेसाईंचे ११२ आणि नव्या गावसकरचे ६५ व नाबाद ६७ त्यांना अजून तोंडपाठ असतील.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलात जेवलो. वाळूतच टेबल मांडलेलं, त्यावर पांढरी चादर, काचेच्या चिमणीत मेणबत्ती, पायाखाली गार वाळू. फार सुंदर होतं, खोटं कशाला सांगू. पण ताटात मासा आला तो पांढराफटक, ना काटा ना वास. कुठला मासा म्हणून विचारलं, तर वाढणारा मुलगा क्षणभर थांबला आणि खरं ते बोलला, 'बर्फात गोठवून बाहेरून येतो.' समुद्र दहा पावलांवर वाजत होता. मला त्या मुलाचंच वाईट वाटलं. त्याचा मामा मासेमारीला जातो म्हणे. जाता जाता त्याने हळूच सांगितलं, 'उद्या स्टोअर बेला जा.'

स्टोअर बे म्हणजे विमानतळाजवळची, चालत गाठता येईल अशी लहानशी खाडी. पाणी हिरवंनिळं. किनाऱ्यालगत एका ओळीत स्वयंपाकघरं आहेत, प्रत्येकाला एक खिडकी, आणि खिडकीवर बाईचं नाव. आधी 'मिस', मग नाव. समुद्राचं नाही, सूर्यास्ताचं नाही, नारळाचं नाही, रांधणाऱ्या बाईचं. आपण 'ताई', 'काकू' म्हणू तसं तिथे 'मिस'. पाटीवर त्या दिवशीचे चार पदार्थ खडूने लिहिलेले. संपला पदार्थ की पुसला. खिडकीतून ताट घ्यायचं आणि झाडाखालच्या बाकावर बसून खायचं. झाडही आपलंच निघालं, देशी बदाम. तुझ्या परसात पडतात तशीच लालभडक पानं वाळूत पडलेली.

तिथला नावाजलेला पदार्थ म्हणजे करी क्रॅब अँड डंपलिंग. कुर्ल्यांचं कालवण आणि कणकेचे उकडलेले जाड चपटे गोळे. कुर्ल्या समुद्रातल्या नव्हेत. दलदलीच्या कडेला बिळं करून राहणाऱ्या, निळसर. धरून आणल्या की काही दिवस कोंडून ठेवून त्यांना पाला, फळं घालतात, पोट साफ व्हावं म्हणून. गर्दी ओसरल्यावर मी खिडकीशी उभी राहून मिसना सगळं विचारून घेतलं. कुर्ल्या ब्रशने घासायच्या, लिंबाच्या पाण्यातून काढायच्या. मग हिरवं वाटण चोळायचं. त्यात लसूण, कांद्याची पात, थाइम, बिनतिखटाची एक वासाची मिरची आणि शॅडो बेनी नावाचा लांबट, दातेरी पानांचा पाला. त्याचा वास कोथिंबिरीच्या दुप्पट. त्रिनिदादमधले भारतीय वंशाचे लोक त्यालाच बनधनिया म्हणतात. बनधनिया, आत्या! मी तो शब्द तोंडातल्या तोंडात चार वेळा म्हटला.

पुढचं तुला विशेष वाटेल. मसाल्याची पूड कोरडी घालत नाहीत. पाण्यात कालवून तिचा गंध करतात आणि तो तापल्या तेलात ओततात. पाणी आटून मसाला दाणेदार झाला, कडेला तेल सुटलं, की मगच कुर्ल्या. नंतर नारळाचं दूध, आणि वर एक अख्खी झणझणीत मिरची देठासकट तरंगत सोडायची. ती फुटू द्यायची नाही. वास तेवढा उतरतो, तिखट आत राहतं. मिस बोलता बोलता डाव असा फिरवत होत्या की मिरचीला धक्का लागू नये. तुझा हात आठवला, सोलकढी ढवळताना फिरतो तसा.

खाताना चमच्याचा उपयोग नाही. नांगी दाताखाली फोडायची, रस मनगटावर ओघळतो, तो चाटायचा. आमची लेक, जी इथे काटा असलेला मासा बघितला की ताट सरकवते, ती कोपरापर्यंत पिवळी झाली होती. डंपलिंग नुसता खाल्ला तर काहीच चव नाही. कालवणात बुडवून दोन मिनिटं ठेवला की कळतं तो कशासाठी आहे. तुझ्या घावन्याचं काम तो तिथे करतो.

आता माझी चूक सांगते. मी भरल्या गळ्याने मिसना म्हटलं, 'हे तर आमच्याकडचंच आहे.' त्या हसल्या. म्हणाल्या, 'पोरी, हे टोबॅगोचं आहे. माझ्या आजीचं.' त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला माझी घाई जाणवली. खरं बघ ना. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत अशी सुमारे १ लाख ४४ हजार माणसं करारावर तिथे गेली, उसाच्या मळ्यांत राबायला. बरीचशी भोजपुरी बोलणारी. आपल्या मुलखातली म्हणता येणार नाहीत. आणि ती राहिली त्रिनिदादमध्ये. टोबॅगोची बहुतेक वस्ती आजही आफ्रिकी वंशाची आहे. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणलं, त्यांच्या घरात हा मसाला शेजारच्या बेटावरून आला, त्यांनी त्यात आपल्या कुर्ल्या टाकल्या, आपले गोळे टाकले, आणि पिढ्यान् पिढ्या तो रांधला. त्यावर मी हक्क कसा सांगणार? आपल्या कालवणातली मिरची तरी मूळची कुठली? त्यांच्याच बाजूची, पोर्तुगिजांच्या जहाजातून आलेली. मी मिसना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग फिट्टंफाट.' म्हणजे त्यांच्या भाषेत जे काही म्हणाल्या त्याचा अर्थ तोच.

टोबॅगोत आधी मळेच होते, कोको आणि नारळाचे. १९६३ च्या सप्टेंबरअखेर फ्लोरा नावाचं चक्रीवादळ आलं आणि बागा भुईसपाट झाल्या. त्यानंतर बेट हळूहळू मासेमारीकडे आणि पाहुण्यांकडे वळलं. हे ऐकताना मला आपल्याकडचं तौक्ते वादळ आठवलं. २०२१ च्या मे महिन्यात तू फोनवर पडलेल्या माडांची नावं घेत होतीस. 'आजोबांनी लावललो गेलो, विहिरीकडचो गेलो.' मी इथे ऐकत होते आणि काही करू शकत नव्हते. कौलं फेरताना काढलेलं कर्ज दादा अजून फेडतोय, त्याच्या मनातली धडपड मला कळते. तो चैनीसाठी काच बसवायला निघालेला नाही.

एका सकाळी ब्लॅक रॉक गावाजवळ रापण बघितली! तिथे तिला सेन म्हणतात. अगदी आपल्यासारखीच. होडीने जाळं अर्धगोल टाकून यायचं, मग दोन्ही टोकांना माणसांनी दोर ओढायचे. वर पाणपक्षी घिरट्या घालत होते. आमच्या लेकीनेही दोराला हात लावला, आणि जाळं वर आल्यावर एका म्हाताऱ्याने तिच्या पुढ्यात चार मासे टाकले. ओढणाऱ्याचा वाटा. 'आपण तर पाहुणे,' म्हणून मी नको म्हणत होते, त्याने ऐकलं नाही. मालवणात लहानपणी पपांनी मला असाच पहिला वाटा मिळवून दिला होता, तो बांगडा होता.

त्रिनिदादच्या माराकास किनाऱ्याबद्दल थोडंच लिहिते. तिथे बेक अँड शार्क खायला सगळं पोर्ट ऑफ स्पेन डोंगर ओलांडून येतं. बेक म्हणजे तळलेली फुगीर रोटी, शार्क म्हणजे आपली मोरी. आत मोरीचा तळलेला तुकडा, वर चिंचेची चटणी, बनधनियाची चटणी, लसणाची, काकडी, अननस, हवं ते आपणच घालून घ्यायचं. मी मात्र मोरी घेतली नाही, किंगफिश घेतला. तो आपल्या सुरमईच्याच कुळातला. मोरीला पिल्लं थोडी होतात आणि ती मोठी व्हायला वर्षं लागतात. तिथे काही लोक कळवळून सांगताहेत की आता तिला जरा सोडा. पूर्वी दर रविवारी व्हायचं ते मोरीचं मटण तू हल्ली क्वचितच करतेस. 'मोठी येणाच नाय' म्हणतेस. दोन्हीकडे एकच गोष्ट चालली आहे.

आणि अळू! अळूला तिथे दशीन म्हणतात. पानं, भेंडी, भोपळा, नारळाचं दूध एकत्र शिजवून घोटतात, कधी त्यातही कुर्ली. ते कॅललू, रविवारचं जेवण. तुझं फदफदं ओलांडून मला कुणाचं अळू आवडेल असं वाटलं नव्हतं.

आता बोर्डाचं. आज तुझ्या दारावर 'घरगुती जेवण मिळेल' एवढंच आहे. तीस वर्षं तू रांधतेस आणि तुझं नाव कुठेच नाही. दादाला बोर्ड बदलू दे, पण त्यावर 'माईंची खानावळ' लिही. अख्खी आळी तुला माई म्हणते, पाहुण्यांनाही तेच म्हणू दे. काचेचे पैसे हात धुवायच्या बेसिनला, स्वच्छ संडासाला, अंगणात सावलीला घालूया. या गोष्टी स्टोअर बेला होत्या, म्हणून तिथे लेकराबाळांना घेऊन दिवसभर बसता आलं. त्यासाठी थोडे पैसे मी पाठवते, नको म्हणू नकोस, मी त्या घरातच वाढले. पास्ता नको. खडूची पाटी लाव, त्या दिवशी बंदरावर जे आलं तेवढंच लिही, आणि संपलं की पूस. मुलांसाठी डाळभात, पापड ठेव, मंचुरियनवाचून कुणी उपाशी जाणार नाही. 'मासो ताजो आसलो की मसालो गप रवता' असं तूच सांगतेस. मग तो मासा बर्फातून आणायची वेळ तुझ्यावर का यावी? दादाला हे पत्र वाचून दाखव. त्याला पटलं नाही तर मला फोन करू दे, मी रागावणार नाही.

आम्ही एप्रिलअखेर येतोय. कुर्ल्या सांगून ठेव, मोठ्या नांग्यांच्या. वाण्याकडून एक किलो मैदा आण. डंपलिंग मी करीन, आणि मिरची फुटणार नाही याकडे तू लक्ष दे.

काकांना नमस्कार.

तुझी भाची