कृष्णामाई, मामी आणि आमची विहीर

मद्रासला आले तेव्हा मला पहिला धक्का दिला तो 'संप' या शब्दाने. (चेन्नई हे नाव अधिकृत झालं १९९६ साली, मी आले तेव्हा मद्रासच होतं.) घरमालक म्हणाले, "संप आहे, काळजी करू नका." आपल्याकडे संप असला की काळजीच करायची असते! इथे संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. टँकर तिच्यात रिकामा होतो, मोटर लावली की पाणी गच्चीवर चढतं आणि उन्हाळ्यात संपातलं पाणी संपतं. तिथे मात्र मराठीच खरी ठरते.

दुसरा धक्का पावसाचा. आषाढात इथे ऊन रणरणतं आणि दिवाळीत फराळाचे डबे भिजू नयेत म्हणून धावपळ. ईशान्येचा मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाचा एकूण पाऊस सुमारे १४०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. तरी शहर तहानलेलं. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदी लोकांच्या घरात शिरली, माणसं नावेतून बाहेर काढावी लागली. साडेतीन वर्षांनी, २०१९ च्या जूनमध्ये, पूंडी, चोळावरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे. जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे आली. पन्नास वाघिणी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. टीव्हीवर ती गाडी पाहताना मला २०१६ साली मिरजेहून लातूरला धावलेली 'जलदूत' आठवली. तिच्यात कृष्णेचं पाणी होतं.

कृष्णा म्हटलं की मी जरा हळवी होते. माझं माहेर वाईचं. ढोल्या गणपतीच्या घाटावर आमचं बालपण गेलं. १९९६ च्या सप्टेंबरात कृष्णेचं पाणी कालव्यातून पूंडीला पोचलं, तेव्हा मी शेजारच्या मामींना म्हटलं, "हे माझ्या माहेरचं पाणी!" मामींनी नळाखालचा प्लास्टिकचा कुडम सरळ केला आणि म्हणाल्या, "मग जरा लवकर पाठवायला सांग."

मामींचं चुकलं नव्हतं. करार १९७६ सालचा. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिघांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून पाच-पाच टीएमसी पाणी मद्रासच्या पिण्यासाठी सोडायचं. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरहून अधिक. त्या वेळी आपले मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. पंधरापैकी तीन टीएमसी वाटेत उन्हात आटणार असं धरून बाराचा हिशेब ठरला. मग वीस वर्षं कालवा, भाषणं, पुन्हा कालवा. ठरलेलं सगळं पाणी आजही क्वचितच येतं. तिकडे दुष्काळ पडला की इकडचा कालवा आटतो. पण पाण्यावरून राज्या-राज्यांत डोकी फुटतात त्या देशात तिघांनी मिळून चौथ्याला पाणी द्यायचं ठरवलं, हे मला राजकारणातलं एक नवल वाटत आलंय. निर्णय घेताना आमच्या सातारा जिल्ह्याला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मी माहेरी काढत नाही. भाऊ शेतकरी आहे.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. आम्ही तिरुवान्मियूरला राहतो, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आवारात एक जुनी विहीर आहे. २००३ साली जयललितांच्या सरकारने प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची सक्ती केली. न केल्यास नळ तोडू, असा दम. तेव्हा सगळं चेन्नई पाइप बसवायला धावलं. आम्हीही धावलो. गच्चीवरून पाइप खाली आले, खड्डे झाले, कागदावर शिक्का झाला. त्यानंतर सोळा वर्षं त्या खड्ड्यांकडे कुणी वळून पाहिलं नाही. सक्तीने आलेलं शहाणपण शिक्क्यापाशी थांबतं, असा माझा अनुभव आहे. सक्ती नव्हती तेव्हा, नव्वदच्या दशकात, शेखर राघवन नावाचे भौतिकशास्त्र शिकलेले गृहस्थ पलीकडच्या बेझंट नगरात घरोघर जाऊन हेच सांगत होते. लोक त्यांना काय म्हणाले असतील, याची कल्पना मी आमच्या सोसायटीवरून करू शकते.

२०१९ च्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि सभा भरली. सेक्रेटरी सारांचा प्रस्ताव सोपा होता: बोअर आणखी खोल मारू. तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हात वर केला आणि खडू नसताना शिकवायला सुरुवात केली. किनाऱ्यालगत वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर त्याच्या खाली ते सुमारे चाळीस फूट असतं. एका डच आणि एका जर्मन माणसाने शंभरावर वर्षांपूर्वी वेगवेगळं मांडलेलं हे गणित. म्हणजे वरचं फूटभर उपसलं की खालून समुद्र चाळीस फूट चढणार. "खोल जाल तर मीठ मिळेल," प्राध्यापक म्हणाले, "स्वयंपाकाला पुरेल." शहराच्या उत्तरेला मिंजूरच्या बाजूला उपशामुळे समुद्र आत शिरला, तो काही किलोमीटर.

मी कागदावर हिशेब केला. आमची गच्ची दोन हजार चौरस फूट. वर्षाचा पाऊस धरला तर अडीच लाख लिटर, म्हणजे बारा हजार लिटरचे वीस टँकर. टँकरवाला ते पाणी कुणाच्या तरी गावातून उपसून आणतो. ढग घरपोच देतो, तेही फुकट.

इथे मामी उठल्या. "पाणी आपण मुरवायचं आणि पलीकडच्या फ्लॅटवाल्यांनी ओढायचं? त्यांची मोटर पहाटे पाचपासून चालू असते. त्यांनी एकही खड्डा केलेला नाही."

सभा गप्प झाली, कारण मुद्दा खरा होता. वाळूला कंपाउंडची भिंत कळत नाही. सेक्रेटरी सार मान हलवत बोअरवाल्याचा नंबर शोधू लागले. मग मी मामींना विचारलं, "मामी, माझ्या भावाने पाच टीएमसी दिलं, तेव्हा तुम्ही इथे किती खड्डे केले होते, हे त्याने विचारलं होतं का?"

तमिळमध्ये हे वाक्य जुळवायला मला बराच वेळ लागला. म्हणूनच बहुधा सगळ्यांनी नीट ऐकलं. मामी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डे उपसायला माणूस आला तेव्हा त्या खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या होत्या. खड्ड्यांतून गाळ, प्लास्टरचे तुकडे, सुकलेला पाला आणि क्रिकेटचे तीन चेंडू निघाले. विटांचे तुकडे आणि खडी नव्याने भरली. गच्चीचा एक पाइप जाळी लावून थेट विहिरीत सोडला. खर्च, प्रत्येक घरामागे, उन्हाळ्यातल्या दोन टँकरांपेक्षा कमी आला.

वॉचमनने दगड बांधलेली दोरी केली आहे. दर रविवारी ती विहिरीत सोडून तो भिंतीवर खडूने रेघ मारतो. त्या वर्षी पाऊस बरा झाला. डिसेंबरअखेर रेघ बारा फूट वर आली होती. पहाटे पाचला शेजारची मोटर घरघरायला लागली. मामी रांगोळी घालत होत्या. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"ओडट्टुम," मामी म्हणाल्या. चालू दे. आणि रांगोळीचे ठिपके मोजू लागल्या.